हात लावू का

अण्णा, तुमचा डबा मिळाला.

बिस्किटांचा तो चौकोनी पत्र्याचा डबा. कुणी भंगारात घालू नये म्हणून झाकणावर तुम्ही लाल रंगाने फुली मारून ठेवली होती, आणि खरंच कुणी घातला नाही. दिघ्याचं गॅरेज यंदा रिकामं केलं, शेड पाडायला घेतली, तेव्हा पोटमाळ्यावर थिनरच्या रिकाम्या कॅनमागे तो डेंटरकाकांच्या हाती लागला. तुमचे पार्टनर आहेत अजून. ठोकर लागलेल्या गाडीचा पत्रा ते हातोडीने सरळ करायचे आणि त्यावर तुम्ही रंग मारायचात, असं तुमचं दोघांचं बावीस वर्षं चाललं. काका आता करावे गावात मुलांनी बांधलेल्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर बसून असतात. पायाला सूज येते, ऐकू कमी येतं, पण मागच्या रविवारी सकाळी रिक्षा करून नेरूळला माझ्या घरी आले आणि डबा टीपॉयवर ठेवून म्हणाले, "ह्यो तुजे बापाचा डबा. मी उघडून बघितला, पन हलवला नाय काय." त्या डब्यामुळे हे लिहायला बसले आहे. पण आत काय निघालं ते सांगण्याआधी मधलं सगळं सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि आता माझे केस रंगवावे लागतात. ते मी पार्लरमध्ये रंगवून घेते, हसू नका.

तर मी गाड्या बनवते, अण्णा. प्लॅस्टिकच्या, वीतभर लांबीच्या, खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान. खोक्यात सुटे भाग येतात, जाळीसारख्या चौकटीला चिकटलेले. बॉडी, चाकं, सीट, इंजिन, आरसे, सगळं. ते कापून काढायचं, घासायचं, जोडायचं, रंगवायचं. पाच दिवस ऐरोलीच्या कंपनीत नोकरी आणि शनिवार-रविवार हा उद्योग. गॅलरीत टेबल मांडलंय, रंग फवारायची पेनाएवढी बारीक गन आहे, पायाशी छोटा कॉम्प्रेसर आहे आणि तोंडाला फिल्टरचा मास्क. तुम्ही नुसता ओला रुमाल बांधायचात. तुमच्या छातीचं जे झालं ते त्यामुळेच झालं असं डॉक्टर कधी स्पष्ट बोलले नाहीत, पण मी मास्क लावल्याशिवाय बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नाही. भाग जोडायच्या गोंदाचा वास खाली गेला म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर आले, म्हणाले, मॅडम, घरात नेलपॉलिशचा कारखाना काढलाय का? आईने त्यांना चहा पाजून खाली पाठवलं. त्यांची पाठ वळल्यावर मला म्हणाली, "एकाचा वास जन्मभर सोसला, आता दुसरीचा सोसते." पण गॅलरीचं दार लावून घेत नाही कधी, बसते तिथेच भाजी निवडत.

खोक्यावरच्या चित्रासारखी गाडी मी सहसा बनवत नाही. या गाड्या सगळ्या परदेशी, स्टिअरिंग डावीकडे. मी डॅशबोर्ड बारीक करवतीने कापते आणि ते उजवीकडे आणते. एखादी गाडी वर उचलते, आपल्या रस्त्यांवर खाली घासणार नाही अशी. जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची तार सोडवून इंजिनाला वायरिंग करते, पुढच्या बंपरला दोऱ्याचं लिंबू-मिरची बांधते, ड्रायव्हरच्या सीटवर टिश्यूपेपरचा टॉवेल टाकते. मागे एका गाडीचा डावा दरवाजा मुद्दाम दुसऱ्या रंगाचा ठेवला, डेंटिंग झालंय आणि पेंटिंग बाकी आहे असा. ती गाडी बघून आई म्हणाली, हिला बिलात सूट मागत असेल गिऱ्हाईक. अशा एकेचाळीस गाड्या कपाटात उभ्या आहेत. बेचाळिसावी वेगळी. ती सर्वात खालच्या कप्प्यात मागे, रुमालात गुंडाळलेली, आणि ती माझी पहिली.

ती तुम्ही आणलेली. मी सातवीत. जहाजावर काम करणारं एक गिऱ्हाईक होतं, त्याच्या गाडीचा दरवाजा तुम्ही असा जुळवून रंगवलात की जुना रंग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते त्याला स्वतःला सापडेना. त्याने खूश होऊन परदेशातून आणलेलं एक खोकं तुमच्या हातात ठेवलं, मुलांसाठी म्हणाला. मुलं म्हणजे मी एकटी. आतल्या कागदावरची लिपी आपल्यातल्या कुणाला वाचता येईना, म्हणून आपण चित्रं बघून जोडायला बसलो. गॅरेजमागची आपली खोली. तुम्ही मांडी घालून बसला आहात, बनियनवर प्रायमरचे राखाडी डाग, शेजारी आई भाकरी थापतेय आणि पीठ उडून आपल्या पार्टांवर बसू नये म्हणून तुम्ही मधे वर्तमानपत्र उभं धरलंय. मी चित्र बघून सांगतेय आणि तुम्ही चित्र चुकीचं आहे म्हणून भांडताय. "आगं, एक्सल असा कुठं असतोय? खऱ्या गाडीला बघ जा बाहेर." मी बाहेर जाऊन उभ्या गाडीखाली वाकून बघून येते. चित्रच बरोबर निघतं. तुम्ही डोकं खाजवता आणि परदेशातल्या लोकांना नावं ठेवता. तीन रविवार लागले. इतकं सलग तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हतात.

रंग मी सांगितला, मोरपंखी. मोरपंखी गाडी रस्त्यावर कुणी बघितलीय का, असं तुम्ही विचारलंत, पण पुढच्या रविवारी गॅरेजला गिऱ्हाईक नसताना उरलेल्या रंगांतून थोडा निळा, थोडा हिरवा आणि चिमूटभर चांदी घालून डबीत असा रंग केलात की डेंटरकाका हातोडी खाली ठेवून बघायला आले. आणि तुम्ही ती गाडी खेळण्यासारखी हाताळली नाहीत. खऱ्या गाडीला जे करायचं ते सगळं तिला केलंत. रंगाआधी पत्र्यावरून थिनरचं फडकं फिरवायचं, तेलकट बोट कुठे राहता कामा नये, हा तुमचा नियम. पत्र्याला थिनरने काही होत नाही. तेच फडकं तुम्ही त्या प्लॅस्टिकवरून फिरवलंत, आणि पोरीची गाडी म्हणून एकदा सोडून दोनदा फिरवलंत. मग मोठ्या गनने भरपूर ओला हात मारलात. ऊन पडलं होतं, गाडी चमकत होती. धूळ बसू नये म्हणून आईचा टोप तिच्यावर पालथा घातलात आणि बोट दाखवून मला म्हणालात, "उद्या सकाळपत्तुर टोप उचलायचा न्हाई."

सकाळी टोप उचलला तर गाडी बसली होती. दरवाजांच्या रेघा बुजल्या होत्या, बॉनेटवर दुधावरच्या सायीला येतात तशा सुरकुत्या, आणि छताच्या मधोमध एक खड्डा. मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "तुम्हाला काहीच येत नाही. नुसते गॅरेजवाले आहात तुम्ही. परत माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." आईने हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. काका चहाचा कप घेऊन दारात उभे होते, ते तसेच मागे सरले. तुम्ही रागावला नाहीत. गाडी उलटसुलट करून बघितलीत, छताजवळ डोळे नेलेत, कडेला नखाने टोकरलंत, वास घेतलात आणि "बरं" म्हणालात. मग चप्पल घालून कामाला गेलात. आईने त्या दिवशी मला डब्यात भाजी दिली नाही, नुसती चपाती दिली, तेवढीच काय ती शिक्षा.

पण त्या दिवसापासून तुम्ही विचारायला लागलात. माझं दप्तर खुंटीवर अडकवायचं असलं तरी आधी माझ्याकडे बघून, "हात लावू का?" सायकलची चेन पडली, हात लावू का? दहावीच्या पुस्तकांना कव्हर घालायची होती, कात्री हातात घेऊन बसलात आणि हात लावू का? मी "लावा की" म्हणायचे, पुस्तकात तोंड घालून म्हणायचे, आणि दरवेळी मला टोचायचं. या माणसाने मनाला लावून घेतलंय, हे आता असंच चालणार, असं वाटायचं. माफी मागायला काय झालं होतं? एक वाक्य. आज मागू, परीक्षा झाली की मागू, असं करत मी बारावी झाले, कॉलेजला गेले. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात मी तुमच्यासाठी घरून माझी उशी आणली होती. पाठीमागे ठेवलेली ती उशी तुम्हाला थोडी वर ओढायची होती. नाकात नळी, आवाज फुटत नव्हता, पण माझ्याकडे बघून ओठ हलवलेत आणि मला कळलं काय विचारताय ते. मी मान हलवली. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. लोक मला विचारतात, वडिलांची आठवण येते का. कशी येते ते मी कुणाला सांगितलं नाही. मला तो प्रश्नच ऐकू यायचा. एका पोरीच्या तोंडून गेलेलं एक वाक्य या माणसाने आठ वर्षं उराशी धरलं आणि तसाच दुखावलेला गेला, असंच मी धरून चालले होते.

मग पुष्कळ वर्षांनी वाशीच्या मॉलमध्ये आईसाठी चप्पल घ्यायला गेले होते, शेजारच्या दुकानात ते खोकं दिसलं. तीच गाडी नव्हती, तशीच होती. घेतलं. चप्पल राहिली, आई अजून काढते ते. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायला बसले, तर पहिल्याच व्हिडिओत एक तरुण हसत हसत सांगतोय की गॅरेजचा थिनर प्लॅस्टिकला वितळवतो, एवढं तर लहान पोरालाही माहीत असतं. मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. माझ्या बापाला माहीत नव्हतं, बाबा, त्याने जन्मात प्लॅस्टिकची गाडी बघितली नव्हती, त्याने लोखंड रंगवलं. तेव्हापासून मी पाण्यात मिसळणारे रंगच वापरते. गॅरेजचा रंग घरात आणला नाही. तुमच्या रंगाची चमक माझ्या गाड्यांना येत नाही, ती तशी येत नाही हे मला दिसतं आणि मी दुर्लक्ष करते. दुसरी एक युक्ती त्या व्हिडिओंमधून उचलली. नवा रंग गाडीवर मारण्याआधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघायचा, लग्नात आइस्क्रीमबरोबर पांढरा चमचा देतात तो, कारण त्याचं प्लॅस्टिक गाडीसारखंच असतं. मी लग्नांत जाते आणि चार-सहा चमचे पर्समध्ये घालून येते. आई माझ्यापासून दूर जाऊन उभी राहते.

तर मागच्या रविवारी काका आले. डबा टीपॉयवर. आई आत कांदेपोहे करत होती, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर काका गॅलरीत टेबलासमोर वाकून उभे. टेबलावर आदल्या दिवशी रंगवलेली लाल गाडी वाळत होती. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, लहान मुलं दुकानाच्या काचेसमोर उभी राहतात तसे, आणि मान वळवून मला म्हणाले, "हात लावू का गो?"

मी ट्रे खाली ठेवला. मी म्हटलं, काका, असं का विचारलंत? त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून विचारलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की हिला झालंय काय. "मंग? कलर ज्याचा हाय त्याला इचारल्याबिगर हात लावाचा नाय. गॅरेजचा कायदाच व्हता आपला. जागेचा शेट आला तरी तुजे बापाला इचारायचा. गाडीचा मालक आला, सोताच्या गाडीला हात लावाचा, तरी इचारायचा. पेंटर हो बोलला का मंगच." मी म्हटलं, पण अण्णा मला विचारायचे. दप्तराला, सायकलला, पुस्तकांना. काका खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि हसायला लागले. "तू बोललीस ना त्याला, माजे वस्तूला हात लावाचा नाय? दुसरे दिशी सगल्या गॅरेजला सांगत व्हता. बोलला, माजी पोरगी पेंटर झाली रं. आता हिला पन इचारूनच हात लावाला लागल." मी विचारलं, हसत होते? "हसत व्हता मंग. रडल कशाला?"

आई पोह्यांची प्लेट घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, मला वाटलं तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, कसं ठाऊक असेल, कुणी सांगितलं मला? ती म्हणाली, तू कधी विचारलंस? खरं आहे, मी कुणालाच कधी विचारलं नाही. पोहे गार झाले आणि आम्ही तसेच खाल्ले.

मग डबा उघडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चमचे. अण्णा, लग्नातले पांढरे आइस्क्रीमचे चमचे, साठेक तरी असतील, आणि प्रत्येकावर तो मोरपंखी रंग. सुरुवातीचे चमचे वाकडे झालेले, विरघळून एकमेकांना चिकटलेले. मग थोडे बरे, नुसत्या सुरकुत्या पडलेले. मग आणखी बरे. मागच्या बाजूला खिळ्याने ओरखडे काढलेले, उभ्या रेघा आणि ठिपके. काकांनी वाचून दाखवलं. रेघा म्हणजे किती भाग थिनर, ठिपके म्हणजे किती हात. "जेवनाचे सुट्टीत बसायचा. फडका नाय मारायचा, साबनाचे पान्याने धुवायचा. मंग लांबून मारायचा, फुस. थांबायचा. परत फुस. मी बोलायचो, पेंटर, लोका गाड्या घेऊन उभी हायत बाहेर." मी विचारलं, एवढे चमचे कुठून आणायचे? "लगनात जाऊन खिशात घालून आनायचा. तुजी आई लाजायची." मी आईकडे बघितलं. आई डोळ्यांना पदर लावून हसत होती. मग काका म्हणाले, तुम्ही त्यांना सांगितलं होतं, पोरीची दुसरी गाडी आली की दावीन. दुसरी गाडी आली नाही. तो जहाजावरचा माणूस परत फिरकला नाही, असलं खोकं ठाण्याच्या दुकानातही मिळेना म्हणे, तुम्ही दोनदा जाऊन आलात. आणि मी मागितली नाही. मला वाटत होतं की त्या गाडीचं नाव घरात काढायचं नसतं.

तळाशी सात चमचे वेगळे बांधलेले होते. त्यांचं रबर हात लावताच तुटलं. या सातांवर रंग सारखाच, गुळगुळीत, काचेसारखा, एकही सुरकुती नाही. तुम्हाला जमलं होतं, अण्णा. मागे सगळ्यांवर तीच खूण, तीन रेघा आणि सात ठिपके, आणि खाली आकडे, एक, दोन, चार, आठ असे वाढत जाणारे, शेवटच्यावर चोवीस. आणि रंगावर अंगठा दाबलेला. तुमचाच, रुंद, मधे जुन्या कापल्याची आडवी रेघ. एक आकड्याच्या चमच्यावर ठसा खोल, दोनवर थोडा कमी, आठवर नुसती सावली, चोवीसवर काहीच नाही. काकांना त्याचा अर्थ लागेना, ते म्हणाले, ह्यो काय खेळ केला त्यानी ते मला नाय म्हाईत. मला लगेच लागला, आकडे म्हणजे रंग मारल्यावरचे तास. काका गेल्यावर मी खालच्या कप्प्यातून ती रुमालातली गाडी काढली आणि खिडकीजवळ नेऊन छतावरचा खड्डा बघितला. त्यात बारीक रेघा आहेत. केवढासा आहे तो, माझ्या आताच्या करंगळीएवढा. सातवीतल्या पोरीचा अंगठा.

त्या रविवारी दुपारी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी टोप उचलला होता. वाळलं का बघू, म्हणून छतावर अंगठा टेकवला, तो चिकटला, ओढला तर रंगाची तार निघाली. मी टोप परत पालथा घातला आणि बोट फ्रॉकला पुसलं. बाकीची गाडी थिनरने बिघडली ते खरं, पण खड्डा माझा होता. सकाळी टोप उचलण्याआधी मला तो माहीत होता, म्हणून तुम्ही काही बोलायच्या आत मी ओरडले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आणि तुम्ही छताजवळ डोळे नेले होतेत. गाडीवर कुठे बोट लागलं, कुणाचं लागलं, हे लांबून सांगणारा माणूस तुम्ही, तुम्हाला तो केवढा अंगठा आहे ते कळलं नसेल असं होणार नाही. सगळं कळून तुम्ही "बरं" म्हणालात आणि जेवणाच्या सुट्टीत बसून हिशोब काढलात की ही पोरगी पुढच्या वेळीही टोप उचलणार, तर तिला किती तास थोपवायला हवं. मला हसू यायला लागलं ते थांबेना. थोडा रागही आला, सांगायचं होतंत की मला, एवढी वर्षं मी उगाच कुढत बसले. पण खरं सांगू, हायसं वाटलं. तुम्ही दुखावला नव्हतात. तुम्ही कामाला लागला होतात.

आज परत रविवार. काल तुर्भ्याच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, मॅडम, गाडी कुठली? मी हाताने वीत दाखवली, तर तो डबे काढायला वळला. निळा, हिरवा, चांदी. तुमच्या चमच्याशी जुळेपर्यंत दीड तास गेला, चांदी जरा जास्त पडली असेल, सांभाळून घ्या. नवी गाडी काढली, दुसरी गाडी समजा. साबणाच्या पाण्याने धुतली, फडकं मारलं नाही. तीन रेघा, सात ठिपके. लांबून एक हात, थांबले, परत एक. इतक्या वर्षांनी घरात तो वास आला आणि आई भाजी निवडायची सोडून उभी राहिली. सातव्या हाताला चमक उघडली, अण्णा, तुमची चमक. आई म्हणाली, हाच तो. मग आत जाऊन टोप घेऊन आली, तिचा तोच टोप, आता त्यात कुणी काही शिजवत नाही. तो पालथा घातला तेव्हा अकरा वाजले होते. उद्या अकरापर्यंत उचलायचा नाही, तुमच्याच चमच्यावर लिहिलंय.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही. डब्यात चमच्यांवर ठेवीन आणि झाकण लावीन. फुली आहेच. एवढंच एक सांगायचं राहिलं. आत्ता पाच वाजलेत आणि मघाशी मी टोप उचलला. उचलण्याआधी मोठ्याने विचारलं, "हात लावू का?" आतून आई म्हणाली, "मला काय विचारतेस?" तिला नव्हतं विचारलं, तुम्हाला विचारलं होतं. पण तुमचं उत्तर येईपर्यंत मला दम निघाला नाही, आणि छताच्या मधोमध अंगठा उमटलाय.